तिनं आम्हाला हात लावला

मेसच्या काकूंनी स्वयंपाकघरातून सांडशी आणली. गॅसवरचं गरम पातेलं उतरवायची सांडशी. माझा बाप ज्या पेल्यातून नुकतंच पाणी प्याला होता, तो पेला त्यांनी त्या सांडशीत धरला. हात लांब केला, तोंड दुसरीकडं वळवलं आणि दाराबाहेर जाऊन पेला नालीत टाकला. परत आल्या. माझं ताट उचललं, तेही टाकलं. माझी वाटी. माझा तांब्या. प्रत्येक भांडं सांडशीनं. जिन्यावर मुली उभ्या होत्या. माझ्याच वर्गातल्या, माझ्याच खोलीतल्या. कालपर्यंत माझ्या ताटातलं लोणचं उचलून खाणाऱ्या.

"तुझे वडील विणकाम करतात म्हणाली होतीस ना?" काकूंनी विचारलं.

"करतात."

"ह्या बोटांनी?"

मी आबांच्या हाताकडं बघितलं. उन्हात ते हात कसे दिसतात हे मी पहिल्यांदा परक्याच्या नजरेनं बघितलं. आत वळलेली बोटं. दोन अर्धीच. आबा पायरीवर बसले होते. लातूरच्या दवाखान्यात पायाच्या मापाची मऊ चप्पल करून घ्यायला आले होते, तर लेकीला भेटून जावं म्हणून मी राहायचे त्या मेसवर आले. मायनं दिलेले धपाटे फडक्यात बांधून आणले होते.

"बाई, माझी दवा पुरी झाली," आबा म्हणाले. "डॉक्टरनं सांगितलंय. आता कुणाला लागत न्हाई."

काकू आबांना ओलांडून माझ्याकडं बघून म्हणाल्या, "ह्यांना जायला सांग. तुझी पेटी अन् वळकटी बाहेर ठेवलीय. दुसऱ्यांच्या मुली माझ्या जिवावर आहेत."

खरं तेच सांगते आहे. त्या दिवशी काकूंना मी उलटून एक शब्द बोलले नाही. आबांना पेटीची कडी धरता येत नाही, म्हणून त्यांनी कडीतून मनगट घातलं आणि पेटी उचलली. मी वळकटी घेतली. मागं वळून बघितलं तर एक मुलगी धपाट्यांचं गाठोडं पायानं नालीकडं सरकवत होती.

आबांनीही बघितलं. म्हणाले, "चल बाई. बस गेली तर बसावं लागंल इथंच."

मी कुठली ते आधी सांगते.

मुखेडच्या पुढं, जळकोटच्या वाटेवर एक खडकाळ माळ आहे. तिथं कुष्ठरोग्यांची वसाहत होती. पत्र्याच्या खोल्या, मधे एक दवाखाना, बाजूला मागांची शेड. मी तिथं जन्मले. आबा जळकोटकडचे, लिंगायत, घरचं किराणा दुकान. अंगावर चट्टा आला, मग बोटं वळली, तेव्हा सख्ख्या भावांनी दुकानाची पायरी चढू दिली नाही. माय इस्लापूरकडची. तिच्या नवऱ्यानं तिला नांदेडच्या स्टेशनवर बसवलं आणि पाणी आणतो म्हणून गेला. तो पाणी आणायला गेलाय अजून. ही दोघं माळावर भेटली. लिंबाखाली एकमेकांच्या गळ्यात हार घातले. फुलामायनं साखर वाटली.

फुलामाय म्हणजे सिस्टर फिलोमिना. केरळची. आमच्या माणसांच्या तोंडात ते नाव बसेना, म्हणून तिची फुलामाय झाली. अगदी तरुण वयात नांदेडला आली होती. कोणाला नको असलेला हा माळ तिच्या मठानं घेतला, आणि ती एका शेडमध्ये पाण्याची बादली, कात्री आणि पट्ट्या घेऊन बसली. तेव्हापासून तिथंच. मराठी शिकली ती रोग्यांकडून, म्हणून तिच्या बोलण्यात लई आणि होकाराचं हाव होतं, पण तो, ती, ते यांचा पत्ता नव्हता. मला म्हणायची, "तू जेवला काय?" आबांना म्हणायची, "तुमची पाय आण इकडे." दवाखान्यामागं तिनं फणसाचं झाड लावलं होतं. आमच्याकडच्या उन्हात त्याला कधी फणस लागला नाही. ती दर उन्हाळ्यात त्याला शिव्या द्यायची, मल्याळममध्ये.

तापट होती. जखम भिजत घातली नाही, टाचेची कातडी घासली नाही, की ती ट्रे आपटायची. कोणी गावात जाऊन भीक मागितली तर ती दोन दोन दिवस त्याच्याशी बोलायची नाही. माझ्या मायच्या पायाला बोटं उरली नव्हती. फुलामाय तो पाय मांडीवर घ्यायची आणि भाजी निवडावी तसं सहज जखम साफ करायची. तोंडानं गप्पा चालू.

आणि मी दाराआडून बघायचे. विचार करायचे, हिला काय पाहिजे?

हा प्रश्न मला कोणी शिकवला नाही. आमच्या माळावर जो कोणी यायचा त्याला काहीतरी पाहिजे असायचं. कोणाला फोटो पाहिजे. कोणाला मत पाहिजे. कोणाला पुण्य पाहिजे, ते तर वाढदिवसाला केळी घेऊन यायचे आणि केळी लांबून टाकायचे. मग ही बाई आपलं घरदार सोडून इथं सडलेल्या जखमा का धुते? उगीच कोण कशाला करंल? दवाखान्यात भिंतीवर येशूचं चित्र होतं. मी त्याच्याकडं बघायचे नाही. बघितलं की आपण त्यांचे झालो, असं मला वाटायचं. ती कधी तरी मागणार, असं धरून मी चालले होते. आज मागंल, उद्या मागंल.

एकदा मी तिच्या मागं मागं गेले. जखमा धुऊन झाल्यावर ती आत जाते आणि काय करते ते मला बघायचं होतं. ती मोरीत गेली. साबण घेतला, कोपरापर्यंत हात घासले. मला आत कुठंतरी बरं वाटलं. बघ, धुतलेच. हीपण त्यांच्यातलीच.

तिनं मला बघितलं. हात पुसत म्हणाली, "आधी पण धुतो मी. ते बघायला तू आला नव्हता."

मी पळाले. संशय गेला नाही, पण त्याला एक चिमटा बसला.

संशय काही माझ्या एकटीचाच नव्हता. एकदा तालुक्याहून काही पोरं मोटारसायकली घेऊन आली. कपाळाला टिळे. आबा मागावर बसले होते. मनगटाला दोरी अडकवून ते धोटा पळवायचे, दवाखान्याच्या पट्ट्यांचं कापड विणायचे.

"तुम्हाला बाटवलं का इथं?" एकानं विचारलं.

आबांनी सदऱ्याची कॉलर बाजूला केली. गळ्यात लिंग होतं, पांढऱ्या कापडात बांधलेलं.

"हे काय हाय?" आबा म्हणाले.

पोरं एकमेकांकडं बघायला लागली.

"दोरा जुना झाला की बदलावा लागतो," आबा म्हणाले. "माझ्या बोटानं गाठ बसत न्हाई. गाठ कोण मारून देतंय, इचारा."

कोणी विचारलं नाही. मायनं पाणी आणलं तर नको म्हणाले, तहान नाही म्हणाले. भर उन्हात आले होते. धर्माची चौकशी केली, जखमेची केली नाही, आणि धुरळा उडवत गेले.

मी नववीत असताना भूकंप झाला. आमच्या माळावर पत्रे वाजले, दवाखान्याच्या भिंतीला चीर गेली, तेवढंच. किल्लारीकडं गावंच्या गावं दगडाखाली गेली. दुसऱ्या दिवसापासून माग थांबले नाहीत. सगळी वसाहत पट्ट्या विणून राहिली होती. ज्याला बसता येत होतं तो बसला. मायसुद्धा कांड्या भरून देत होती. जीपमध्ये पट्ट्यांचे गठ्ठे भरले आणि फुलामाय म्हणाली, स्वयंपाकाला माणसं लागतील, चला. आबा, माय, अजून काही जण आणि मी. औशाकडं एका माळावर तंबू ठोकले होते, तिथं गेलो.

तिथलं मी काय सांगू. माणसं बसली होती, पण कोणाची नजर कुठं टिकत नव्हती. आबांनी खिचडी केली. मोठ्या हंड्यात. ते तोवर कोणाला वाढायला उभे राहिले नव्हते. त्या दिवशी मनगटावर डाव टेकवून वाढायला लागले. एका म्हातारीनं ताट पुढं केलं.

"हात बघू," मागून आवाज आला.

स्वच्छ कपड्यातला एक मदत करणारा माणूस होता. कुठल्या शहरातून आला होता, माहीत नाही. त्यानं आबांचा हात बघितला आणि ओरडला, "ह्याला कोणी आणलं इथं?"

म्हातारी म्हणाली, "वाढू दे की त्येला. मला वाढू दे." तिचं घर गेलं होतं, घरातलं कोण कोण गेलं ते तिलाच ठाऊक. तिला त्या हाताचं काही नव्हतं. पण त्या माणसानं डाव ओढून घेतला. हंडा उचलून लांब नेऊन उपडा केला. दुसरा हंडा शिजेपर्यंत माणसं रिकामी ताटं घेऊन बसून राहिली.

आम्हाला परत पाठवलं. पट्ट्या ठेवून घेतल्या. मी डोळ्यानं बघितलं, तंबूत लोकांच्या डोक्याला, पायाला आमच्या मागावरच्या पट्ट्या गुंडाळून राहिले होते. कोणी विणल्या, कोणी विचारलं नाही. आमचं कापड चाललं. हात चालला नाही.

जीपमध्ये फुलामाय पुढं बसली होती. हातात जपमाळ. ओठ हलत होते. तिथं ती त्या माणसाला एक शब्द बोलली नव्हती. "बरं, आम्ही जातो," एवढंच म्हणाली होती. मला तिच्या जपमाळेचा राग आला. वाटलं, तोंड आहे तर ते देवापुढंच का उघडतेस.

दहावीला मला चांगले मार्क पडले. त्या काळात लातूरचं नाव सगळीकडं झालं होतं. भूकंपानंतर एकीकडं पत्र्याच्या शेडमध्ये माणसं राहत होती आणि दुसरीकडं शहरात गल्लीगल्लीत क्लास उघडत होते. परभणीची, बीडची, कुठली कुठली पोरं येऊन राहायची. प्रत्येक आई-बापाला डॉक्टर पाहिजे होता. फुलामाय म्हणाली, तू पण जा. तिनंच सगळं बघितलं. निघायच्या दिवशी मला दवाखान्यात बोलावलं.

"वडील काय करतो विचारला तर विणकाम सांग. खोटं नाही ते."

"हाव."

"आणि आबांना तिकडे बोलावू नको. भेटायला तू इकडे ये."

मी मान हलवली. तेव्हा ते मला शहाणपणाचं वाटलं होतं. आबांनाही वाटलं. त्यांनी बरेच महिने ते पाळलं. मग चप्पल करायला लातूरला आले आणि त्यांच्यानं राहवलं नाही.

मेसवरून निघालो आणि बस मुखेडला पोचली तेव्हा मी रडत नव्हते. माळावर गेल्यावर फुलामायनं माझी पेटी बघितली आणि सगळं समजली. तिनं चहा केला. मग समजुतीच्या आवाजात बोलायला लागली. त्यांना माफ करायचं. त्यांना माहीत नाही. आपल्या सिस्टर लोकांची नर्सिंगची शाळा आहे, तिथं तुला घालते.

"तिथं कोणी विचारणार नाही," ती म्हणाली.

मी आयुष्यभर तिला फुलामाय म्हणत आले, तू म्हणत आले. त्या दिवशी माझ्या तोंडातून वेगळंच आलं.

"सिस्टर, तुम्ही मला लपवायला का शिकवलं?"

ती थांबली. मी तिला अहो-जाहो केलेलं तिला समजलं.

"आम्ही काय चोरी केलीय? त्या काकूनं माझा बाप सांडशीनं उचलून नालीत टाकला. पण त्याच्या आधी तुम्ही आणि मी मिळून त्याला झाकून ठेवला होता. भूकंपात तुम्ही त्या माणसाला का नाही बोललात? तुम्हाला लोक मानतात. तुमचं ऐकलं असतं. आता पुन्हा म्हणताय, दुसरीकडं लप."

मला वाटलं ती ट्रे आपटेल. ती बसली. मग बोलली, आणि त्या दिवशी तिनं सांगितलं ते मी तिच्याच शब्दात सांगते.

"माझ्या घरी सांगतात, ती मुंबईला शाळेत शिकवतो. माझा भाऊ सांगतो. त्याला तीन मुली. लग्न व्हायला पाहिजे. मी घरी जातो तेव्हा माझी प्लेट वेगळी आहे. खोली मागची आहे. शेजारी विचारतात, शाळा कशी आहे? मी सांगतो, चांगली आहे."

"तुम्ही लपवलं."

"हाव," ती म्हणाली. "लपवलं."

मी तोवर तिच्याविषयी सगळे संशय घेतले होते. धर्माचा घेतला, पुण्याचा घेतला, नावाचा घेतला. ती आमच्यासारखीच वेगळ्या ताटात जेवते, हा संशय मला कधी आला नव्हता. मला तिची दया आली असं म्हणणार नाही. मला राग आला. तिच्या घरावर आला, तिच्यावर आला, माझ्यावर आला. पण एक गोष्ट साफ झाली. लपून कोणाचंच भलं झालेलं नाही. तिचं नाही, माझं नाही, आबांचं तर नाहीच.

मी म्हणाले, "फुलामाय, उद्या लातूरला चल. मी क्लास सोडणार नाही. आबापण येतील."

आबा दारात होते. म्हणाले, "मला कशापायी? माझ्यामुळं तुझं वाटोळं झालं, तेवढं बास न्हाई का?"

"तुमच्यामुळं नाही झालं," मी म्हणाले. "तुम्हाला मागं ठेवल्यामुळं झालं."

दुसऱ्या दिवशी आम्ही तिघं क्लासच्या ऑफिसात गेलो. काकूंनी सरांना आधीच सांगितलेलं होतं, ते त्यांच्या तोंडावर दिसत होतं. पण सिस्टरचा पांढरा झगा बघून सर उठून उभे राहिले.

"या, सिस्टर, या. बसा." शिपायानं खुर्ची आणली. चहा सांगितला. एक खुर्ची, एक चहा. आबा दाराशी उभे. पायात नवीन चप्पल, आत जखमेला पट्टी.

सर बोलत राहिले. "तुमचं कार्य फार थोर आहे. आम्हाला नाही जमायचं. अशा लोकांना हात लावायचा म्हणजे काय साधी गोष्ट आहे? देवमाणसाचंच काम." मग माझ्याकडं वळले. "बाळ, तुझ्याबद्दल मला सहानुभूती आहे. पण मला इतर पालकांचा विचार करावा लागतो. तू घरी बसून अभ्यास कर. नोट्स आम्ही पोचवू."

अशा लोकांना. माझा बाप चार पावलांवर उभा होता आणि ऐकत होता. सर सिस्टरला हार घालत होते, पण तो हार त्यांनी माझ्या बापाच्या अंगावर उभं राहून घातला होता. काकूंची सांडशी निदान उघड होती. हे तर गोड होतं.

"सर," मी म्हणाले, "खुर्ची माझ्या बापाला द्या."

"काय?"

"सिस्टरच्या पायाला काही झालेलं नाही. ह्यांच्या पायात जखम आहे. त्यांना बसायला द्या."

मग फुलामाय उठली. खुर्ची तिनं स्वतः दाराशी नेली.

"आबा, बस."

"राहू दे, माय."

"बस म्हणतो ना."

आबा खुर्चीच्या कडेला टेकले. फुलामाय सरांकडं वळली. "ह्याची दवा झाली. रोग गेली. हात राहिली. मी डॉक्टरांची सही देऊ शकतो, पण देणार नाही. तुम्ही ह्याच्याशी बोला. माझ्याशी नको."

सर तिच्याशीही बोलले नाहीत आणि आबांशीही नाही. मला म्हणाले, "पालकांनी तक्रार केली तर मी काय करू?"

"कोणत्या पालकांनी केली? नाव सांगा. मी आबांना घेऊन त्यांच्या घरी जाते."

"आवाज चढवू नकोस."

"चढवते," मी म्हणाले. "काल नाही चढवला, ते चुकलं."

आणि मी वर्गात गेले. तास चालू होता. पहिल्या बाकावर जाऊन बसले. शेजारच्या मुली उठल्या, मागं गेल्या. पूर्ण बाक मोकळा झाला. मी वह्या पसरून बसले.

वर्षअखेरपर्यंत तो बाक मोकळाच राहिला. सरांनी मला काढलं नाही. लोक म्हणतात त्यांना पश्चात्ताप झाला. मला नाही वाटत. मला वाटतं त्यांना माझे मार्क पाहिजे होते. राहायला मला जुन्या गल्लीत एका विधवा मुसलमान बाईकडं खोली मिळाली. मी दारातच सांगितलं, माझे आई-बाप दोघंही कुष्ठरोगी होते, वडील भेटायला येतील, पाणी पितील. ती म्हणाली, "आने दे. पानी तो सबकू लगता." तिच्यावरही मी बरेच दिवस संशय घेतला. आबा येऊन गेल्यावर ती पेल्याचं काय करते ते बघायला थांबायचे. ती बाकीच्या भांड्यांबरोबर घासायची.

मेडिकलला माझा नंबर लागला नाही. थोडक्यात हुकला. गोष्ट सांगणाऱ्यांना तो लागायला पाहिजे होता, पण लागला नाही. मी नांदेडला शिकले आणि तिथंच ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवायला लागले. जीवाणूंचा धडा येतो तेव्हा मी फळ्यावर त्या जंतूचं नाव लिहिते आणि सांगते, हा माझ्या वडिलांना झाला होता, औषधानं गेला. काही पोरं त्या दिवशी माझ्या हाताकडं बघतात. बघू देते.

फुलामायनं त्यानंतर कोणाला लपायला सांगितलं नाही. पुढच्या सुट्टीत ती घरी गेली आणि जेवताना सगळ्यांसमोर, पाहुण्यांसमोर, आपण काय करतो ते सांगून टाकलं. पुतणीच्या लग्नाला तिला बोलावलं नाही. मला सांगताना हसली. मग हसू थांबलं आणि ती मायचा पाय धुवायला लागली. म्हातारपणी मठानं तिला परत बोलावलं, ती गेली नाही. माळावरच मेली. आमच्या लोकांनी तिला खांद्यावर घेतलं. ज्यांच्या हातांना धरवत नव्हतं त्यांनी मनगटं लावली.

तिनं शेवटपर्यंत माझ्याकडं काही मागितलं नाही. मी आयुष्यभर वाट बघितली. हे तिच्या बाजूनं लिहून ठेवते.

मग शहराला ती आठवली. नांदेडला एका सभागृहात तिच्यासाठी श्रद्धांजली सभा ठेवली. मोठा फोटो, बॅनर, पाहुणे. संयोजक माझ्याकडं आले. म्हणाले, "मॅडम, तुम्ही बोला. सिस्टरनं तुम्हाला कुठून कुठं आणलं ते सांगा. आणि वडिलांनाही आणा. लोकांना दिसलं पाहिजे."

"काय दिसलं पाहिजे?" मी विचारलं.

ते गडबडले. "म्हणजे, सिस्टरचं कार्य."

मी आबांना घेऊन गेले. माळावरची माणसंही आली होती. त्यांना सभागृहाच्या एका बाजूला बसवलं होतं आणि मधे दोरी बांधली होती. गर्दीत धक्का लागू नये म्हणून, असं एक कार्यकर्ता म्हणाला. आबांना स्टेजजवळ, सगळ्यांना दिसतील असे बसवायचं होतं. आबा म्हणाले, मी आपल्या लोकांत बसतो. दोरीखालून वाकून गेले.

भाषणं झाली. प्रत्येक जण तेच बोलला. ज्यांना सख्ख्यांनी टाकलं त्यांना तिनं जवळ केलं. ज्यांच्याकडं बघवत नाही त्यांच्या जखमा धुतल्या. तिनं त्यांना हात लावला. हे वाक्य आलं की टाळ्या. मी लोकांची तोंडं बघत होते. डोळे भरले होते. खरे भरले होते, ते खोटं नव्हतं. आणि त्या भरल्या डोळ्यांनी कोणी एकदाही दोरीपलीकडं बघितलं नाही.

माझं नाव पुकारलं. मी माइकसमोर गेले.

"सिस्टर फिलोमिना माझ्या मायचे पाय धुवायची," मी म्हणाले. "तिला ते थोर काम वाटत नव्हतं. जखम होती, धुवायला पाहिजे होती. तिनं आम्हाला हात लावला म्हणून तुम्ही टाळ्या वाजवता. मग मला एवढंच विचारायचंय, तुमच्या हातांना काय झालंय?"

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. संयोजक पुढं आले, वेळ कमी आहे म्हणाले. मी खाली उतरले. दोरीची गाठ सोडवली. साधी गाठ होती, पटकन सुटली. दोरी गुंडाळून स्टेजवर ठेवली आणि आबांच्या शेजारी जाऊन बसले. पुढच्या रांगेतली काही माणसं उठून बाहेर गेली. काही बसून राहिली. आमच्याकडं कोणी आलं नाही.

संयोजक नंतर मला म्हणाले, तुम्ही सिस्टरचा अपमान केला. मी म्हणाले, सिस्टरला मी तुमच्यापेक्षा जास्त ओळखते.

तेव्हापासून मला बोलावणी येतात. शाळा, संस्था, वर्तमानपत्रं. सगळ्यांना माझी गोष्ट पाहिजे असते, आणि प्रत्येकाच्या गोष्टीत कोणीतरी थोर असतं आणि आम्ही त्याच्या पायाशी असतो. मी आधी विचारते, माझा बाप कुठं बसणार? उत्तर द्यायला वेळ लागला तर मी जात नाही. आजवर बहुतेकांना वेळ लागलाय.

कोणाच्याही थोरपणाचा पुरावा म्हणून मी उभी राहणार नाही. माझा बाप राहणार नाही. माळावरचं एकही माणूस राहणार नाही. ज्याला यायचंय त्यानं यावं, समोर बसावं, नाव विचारावं. दया घेऊन आलात तर दारातूनच परत पाठवीन.